पाणी कुठं मुरतंय? राजकीय दावा तपासायला शिकणाऱ्यांसाठी

2022 च्या उन्हाळ्यातली गोष्ट. पलूसकडच्या एका फाट्यावर चहाच्या टपरीत आम्ही सहा-सात जण बसलो होतो. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले एक गृहस्थ उसाची एफआरपी, म्हणजे कारखान्यानं उसाला द्यायचा सरकारनं ठरवलेला किमान दर, दोन टप्प्यांत मिळण्याचे फायदे सांगत होते. "एकदम पैसा हातात आला की राहतोय व्हय? सोसायटी, खताचा दुकानदार, पै-पाहुणे, चार दिवसांत खिसा मोकळा. टप्प्यानं आला तर पोरांच्या फीला, पेरणीला उपयोगी पडतोय." बोलणं गोड होतं आणि पटण्यासारखंही होतं. दोघांनी माना डोलावल्या. कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि विचारलं, "मधल्या दिवसांत त्ये पैसं कुणाकडं असत्यात?"

उत्तर कुणी दिलं नाही, पण टपरीवरचं बोलणं फिरलं. तोवर आम्ही शेतकऱ्याला पैसा टिकवता येतो की नाही यावर खल करत होतो. पुढची वीस मिनिटं कारखान्याचं व्याज किती वाचतं यावर बोललो.

हा लेख त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाबद्दल आहे. पहिल्यांदा मतदान करणारे, ग्रामसभेला नुकतेच जायला लागलेले, बिनविरोधात नाव घुसून अचानक सदस्य झालेले, गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रोज चार दावे वाचून डोकं भणाणलेले, अशांसाठी. मी दर रविवारी आमच्या वाचनालयात अशा पोरापोरींबरोबर बसतो. तिथं जे करतो तेच इथं लिहितोय.

प्रश्न काही म्हाताऱ्याच्या घरचा नव्हता. रोममध्ये लुसियस कॅसियस नावाचा एक न्यायाधीश होऊन गेला. समोर कुठलाही खटला येवो, याचा पहिला सवाल ठरलेला: कुई बोनो, म्हणजे फायदा कुणाचा? इसवी सनापूर्वी 80 मध्ये बापाच्या खुनाचा आळ आलेल्या एका तरुणाची बाजू मांडताना सिसेरोनं कॅसियसचा हाच दाखला दिला आणि विचारलं, मेलेल्याची जमीन लिलावात कवडीमोलानं कुणी घेतली? पोरगा सुटला. आपल्याकडं हाच सवाल जोतीराव फुल्यांनी लावून धरला. त्यांचं घराणं मूळचं खटाव तालुक्यातल्या कटगुणचं. शेतसारा असो, विधी असो की कुळकर्ण्याचं दप्तर, कुणब्याच्या घरातून निघालेला पैसा शेवटी कुणाच्या घरात जातो हे बघा, असा त्यांचा रोख असे.

पायरी 1: दावा एका ओळीत लिहा

भाषण अर्ध्या तासाचं असतं, दावा एका ओळीचा. वही घ्या आणि ती ओळ लिहा. छत्रपतींचं नाव, 'मातीतला माणूस', 'माझ्या माय-माउल्या', समोरच्याच्या सात पिढ्यांचा उद्धार, हे सगळं वजा करायचं. उरतं ते असं: "एफआरपी दोन टप्प्यांत देणं शेतकऱ्याच्या हिताचं आहे." काही भाषणांत वजाबाकीनंतर काहीच उरत नाही. तिथं पुढच्या पायऱ्यांचे कष्ट वाचतात.

पायरी 2: फायदा रुपयांत मोजा

"यात कुणाचा तरी फायदा आहे" एवढं म्हणून थांबणारे पारावर शंभर सापडतील. कामाला येतो तो आकडा. टपरीवरचाच दावा घेऊ.

आधी कायदा. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे. उशीर झाला तर वर्षाला 15 टक्के व्याज. 2025-26 च्या हंगामाची एफआरपी 10.25 टक्के साखर उताऱ्याला (उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघणारी साखर) क्विंटलमागं 355 रुपये, म्हणजे टनाला 3,550. त्यातून तोडणी-वाहतूक वजा होऊन उरलेली रक्कम खात्यावर येते. 2022 च्या फेब्रुवारीत राज्य सरकारनं शासन निर्णय काढला: पहिला हप्ता ठरावीक उताऱ्यावर द्यायचा, हंगाम संपून खरा उतारा कळला की फरकाची रक्कम नंतर. 2025 च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द केला.

आता गणित. समजा, टनामागं 600 रुपये सहा महिने मागं राहिले आणि कारखान्याला कर्ज 10 टक्क्यांनी पडतं. 600 रुपयांचं सहा महिन्यांचं व्याज 30 रुपये. कारखान्याचं गाळप आठ लाख टन धरलं तर वाचलेलं व्याज 2 कोटी 40 लाख. हे आकडे मी मांडणीसाठी घेतलेत. तुमच्या कारखान्याचं गाळप आणि व्याजदर वार्षिक अहवालात असतो, तो घालून परत करा.

त्याच हिशेबाची दुसरी बाजू बघा. साठ टन ऊस घालणाऱ्या शेतकऱ्याचं नुकसान किती? 1,800 रुपये. अठराशे रुपयांसाठी कोण कामधंदा सोडून मोर्चाला जाईल? जाणं-येणं, दिवसाची मजुरी, वर साहेबांच्या डोळ्यावर येणं. पुढच्या हंगामात तोडणीची पाळी लांबली तर अठराशेच्या जागी अठरा हजारांचा खड्डा. दुसऱ्या बाजूला 2 कोटी 40 लाखांसाठी वकील लावणं, मंत्रालयात खेपा मारणं, टपरीवर इस्त्रीचा शर्ट पाठवणं, सगळं परवडतं. नव्या माणसानं ही एक गोष्ट पक्की धरावी: मोठा फायदा थोड्या लोकांत वाटलेला असतो आणि लहान तोटा पुष्कळांत. त्यामुळं मोठा आवाज नेहमी फायदेवाल्यांचा येतो. तोटेवाले गप्प बसलेत याचा अर्थ त्यांना सगळं मान्य आहे असा होत नाही, त्यांना बोलणं परवडत नाही एवढाच होतो.

कारखान्याची बाजूही लिहून ठेवा, नाहीतर हिशेब लबाड होतो. साखर बारा महिने विकली जाते, उसाचे पैसे मात्र दोन आठवड्यांत द्यायचे. हंगामाचा खरा उतारा पट्टा पडल्याशिवाय, म्हणजे गाळप संपल्याशिवाय, कळत नाही, हेही खोटं नाही. साखरेचा किमान विक्री दर 2019 मध्ये किलोला 31 रुपये ठरला, त्यानंतर एफआरपी मात्र वर्षावर्षाला चढत गेली. तेव्हा "कारखानदार लुबाडतात" हीसुद्धा वजाबाकीनंतर तपासायची एक ओळच आहे.

पायरी 3: पैशाशिवायचे फायदे शोधा

सगळे फायदे नोटांत येत नाहीत. खुर्ची टिकते, वेळ मिळतो, आणि सगळ्यात स्वस्त फायदा म्हणजे अंग झटकायला मिळतं. याला आमच्या सांगलीत अलमट्टीसारखं, म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणासारखं, उदाहरण नाही.

2005, 2019, 2021. तीन महापूर. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं, जिथं धोक्याची पातळी 45 फूट आहे. त्या दिवसांत आमच्या गल्लीत ज्याला विचाराल तो एकच सांगायचा: अलमट्टीनं पाणी अडवलं म्हणून सांगली बुडाली. आता पायरी 1 ची ओळ तयार आहे, तिच्याखाली दोन रकाने पाडू.

"अलमट्टीमुळंच पूर आला" हे खरं ठरलं तर कुणाला बरं? आपल्याकडच्या प्रत्येक पक्षाच्या प्रत्येक पुढाऱ्याला. दोष सीमेपलीकडं गेला, तिथलं कुणी इथं मतदान करत नाही. निळ्या पूररेषेच्या आत, म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या पाण्यात, बांधकामं कशी झाली, ओढे-नाले कुणी बुजवले, परवानगीवर सही कुणाची, हे प्रश्न आपोआप मागं पडतात. बिल्डरचं तर विचारूच नका.

"अलमट्टीचा काही संबंध नाही" हे खरं ठरलं तर कुणाला बरं? कर्नाटक सरकारला. धरणाची पाणीपातळी 519.60 मीटरवरून 524.256 मीटरपर्यंत नेण्याची मुभा दुसऱ्या कृष्णा पाणी तंटा लवादानं 2010 मध्ये दिली आहे आणि कर्नाटकाला ती वापरायची आहे. जितका दोष कमी, तितका मार्ग मोकळा.

म्हणजे फायदा दोन्हीकडं आहे, भरपूर आहे आणि उघड आहे. मग खरं काय? इथं हा प्रश्न हात टेकतो, हे मी पोरांना पहिल्याच रविवारी सांगतो. कुणाचा फायदा आहे यावरून पूर कशानं आला ते कळत नाही. कावळा बसायला आणि फांदी तुटायला गाठ पडली तर कावळ्याचं वजन मोजावं लागतं, त्याचा स्वभाव बघून भागत नाही. वजन मोजायचं म्हणजे काय करायचं? पाऊस, कोयनेचा विसर्ग, आयर्विन पुलाची फुटांतली नोंद आणि अलमट्टीची आवक-जावक, यांच्या तारखा आणि तास एकाखाली एक लिहायचे आणि आधी काय वाढलं, नंतर काय, ते बघायचं. 2019 च्या पुरानंतर राज्य सरकारनं निवृत्त जलसंपदा सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिनं अलमट्टीला त्या पुराचं मुख्य कारण मानलं नाही, कमी दिवसांत कोसळलेला पाऊस आणि नदीपात्रातली अतिक्रमणं यांच्याकडं बोट दाखवलं. हा निष्कर्ष महाराष्ट्राच्याच समितीनं, महाराष्ट्राला गैरसोयीचा असून काढला, म्हणून माझ्या लेखी त्याचं वजन जास्त. स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलणाऱ्याचं म्हणणं दोनदा ऐकावं. पातळी 524.256 वर नेली तर पुढं काय होईल, हा मात्र वेगळा दावा आहे. त्याला वेगळी ओळ, वेगळे रकाने. 2019 चं उत्तर तिकडं उचलून चिकटवू नका, दोन्ही बाजूंचे वक्ते नेमकं तेच करतात.

जाता जाता, वेळेकडंही लक्ष असू द्या. अलमट्टीवरची भाषणं जुलैत पाण्याबरोबर चढतात आणि दसऱ्याला ओसरतात. पूररेषेतल्या बांधकामांच्या परवानग्या बाराही महिने निघतात.

पायरी 4: तोच प्रश्न आपल्या माणसाला आणि स्वतःला

आपला तो बाब्या, हे आपल्याला फक्त दुसऱ्याच्या बाबतीत आठवतं.

दोन साखर कारखान्यांत हवाई अंतर किती हवं, यावर आमच्याकडं नेहमी वाद होतो. केंद्राच्या नियमात 15 किलोमीटर, महाराष्ट्रात 25. अट ठेवा म्हणणारे बहुधा चालू कारखान्यांशी जोडलेले असतात: स्पर्धक नको, ऊस हक्काचा राहतो. हे सगळ्यांना दिसतं. पण अट काढा म्हणून ओरडणाऱ्याच्या खिशात नव्या कारखान्याचा प्रस्ताव आहे का, हे विचारायचं आपण विसरतो, कारण तो आपल्या बाजूनं बोलतोय असं वाटतं. विचारा. असला तरी त्याचं म्हणणं लगेच खोटं ठरत नाही, जसं पहिल्याचंही ठरलं नव्हतं.

आणि स्वतः? माझं घर सांगलीच्या सखल भागात आहे. 2019 ला तळमजल्यात छताला हात लागेल एवढं पाणी होतं. अलमट्टीचा दोष निघाला तर माझ्या जागेची किंमत टिकते, पूररेषेचा निघाला तर पडते. वडनेरे समितीचा अहवाल मी पहिल्यांदा वाचला तो त्यात खोट काढायच्या हिशेबानंच, हे कबूल केलेलं बरं. वहीत प्रत्येक दाव्याखाली मी आता एक ओळ ठेवतो: 'यात माझं काय?' बऱ्याचदा तिथं काहीतरी लिहावं लागतं.

पायरी 5: कागद काढा

फायद्याचा संशय तोंडी असतो तोवर ती चहाडी. कागद कुठं मिळतात ते सांगतो. यातले बहुतेक मोबाईलवर किंवा दहा-पंधरा रुपयांत मिळतात.

निवडणुकीतलं पत्रक हातात आलं की वरचा फोटो बघू नका, पत्रक उलटं करून अगदी खालची बारीक ओळ वाचा. मुद्रक, प्रकाशक आणि किती प्रती. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 127-अ नुसार मुद्रक आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक आहे. आमच्या वाचनालयात एका निवडणुकीत तीन पत्रकं जमली होती. एक 'जागृत नागरिक', एक 'तरुण मित्र', एक 'त्रस्त शेतकरी'. तिघांची भाषा वेगळी, कागद वेगळा, राग एकाच उमेदवारावर. खाली प्रकाशक एकच. चौथं पत्रक आलं त्याला खालची ओळच नव्हती, आणि पोरांनी आपण होऊन तेच सगळ्यात आधी बाजूला काढलं. समाजमाध्यमांवरच्या राजकीय जाहिरातींनाही अशी ओळ असते. मेटाच्या अ‍ॅड लायब्ररीत कुणी पैसे भरले आणि साधारण किती, ते दिसतं.

उमेदवाराचं शपथपत्र, नमुना 26, निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतं. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवारांना त्यात स्वतःचं, जोडीदाराचं आणि अवलंबितांचं गेल्या पाच वर्षांचं विवरणपत्रातलं उत्पन्न, जमिनीचे गट, कर्जं, गुन्हे आणि सरकारशी असलेले करार लिहावे लागतात. नवखे लोक एकूण मालमत्तेचा आकडा बघून "बाबो!" म्हणतात आणि बंद करतात. तुम्ही कर्जाचा रकाना वाचा. कुणाचं कुणाला देणं आहे, यावरून उद्या कुणाच्या विरोधात बोलणं जड जाईल त्याचा अंदाज येतो. मागच्या निवडणुकीचं शपथपत्र शेजारी ठेवून वाचलं तर आणखी मजा.

जमिनीसाठी सातबारा आणि फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची नोंद. महाभूलेखवर सातबारा बघायला फुकट, डिजिटल सहीचा हवा असेल तर 15 रुपये. रस्ता, एमआयडीसी, बाजाराची नवी जागा असा दावा असेल तर सातबाऱ्यापेक्षा फेरफार बोलका. घोषणेच्या आधीच्या दोन-तीन वर्षांत त्या पट्ट्यात जमिनी कुणाच्या नावावर चढल्या? पवनार ते पत्रादेवी असा, मूळ आखणीत 802 किलोमीटरचा आणि 12 जिल्ह्यांतून जाणारा शक्तिपीठ महामार्ग जाहीर झाल्यापासून सांगली-कोल्हापुरात बाजूनं आणि विरोधात रोज बोललं जातंय. भाविकांची सोय, शेतकऱ्याची जमीन, दोन्ही बाजूंनी डोळ्यांत पाणी. मी पोरांना गट नंबर लिहायला लावतो. रडू खरं असेल तर गट नंबरानं ते काही कमी होत नाही.

ग्रामपंचायतीचा आराखडा आणि वित्त आयोगाचा खर्च ई-ग्रामस्वराजवर असतो. तिथं 'काम पूर्ण' दिसलं आणि गटार तुमच्या दारात तुंबलेलंच असेल, तर माहितीच्या अधिकारात त्या कामाची मोजमाप पुस्तिका, म्हणजे काम किती झालं याच्या मापांची वही, मागा. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टँप लागतो, मुदत 30 दिवस. 'भ्रष्टाचार का झाला?' असं विचारलंत तर उत्तर येणार नाही, कारण तो कागद नाही. 'अमुक कामाच्या मोजमाप पुस्तिकेची आणि देयकाची प्रत' असं विचारा. विषय एकच ठेवा आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत.

सहकारी कारखान्याला थेट माहितीचा अर्ज चालेलच असं नाही. सरकारचं नियंत्रण नसलेली सहकारी संस्था 'सार्वजनिक प्राधिकरण' ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये सांगितलंय. पण सभासद असाल तर सहकार कायद्याच्या कलम 32 खाली ताळेबंद आणि इतर काही कागद बघायचा हक्क आहे, आणि कुणी किती एफआरपी दिली याचे अहवाल पुण्याचं साखर आयुक्तालय काढतं. वार्षिक सभेआधी जो जाडजूड अहवाल घरी येतो त्यात चिवडा बांधू नका, निदान ताळेबंद वाचून झाल्यावर बांधा.

पक्षांना पैसा कोण देतं हे शोधणं सगळ्यात अवघड. निवडणूक रोखे, म्हणजे देणाऱ्याचं नाव उघड न होता पक्षाला देणगी द्यायची सोय, सर्वोच्च न्यायालयानं 15 फेब्रुवारी 2024 ला घटनाबाह्य ठरवले ते याच मुद्द्यावर: पैसा कुणी दिला हे मतदाराला कळल्याशिवाय त्या बदल्यात काय मिळालं हे त्यानं विचारायचं कसं?

पायरी 6: फायदा दिसला म्हणून चोर धरू नका

ही पायरी मी फुकट शिकलो नाही. आमच्या गावात एका सदस्यानं पाणंद रस्त्याच्या खडीकरणाचा ठराव आणला. रस्ता जात होता सरळ त्याच्या द्राक्षबागेला. मी तेव्हा नुकताच 'फायदा कुणाचा' शिकलो होतो आणि नवा कोयता हातात आलेल्या पोरासारखं दिसेल ते छाटत होतो. पारावर दहा जणांना सांगितलं, बागेतली गाडी डांबरीला लागावी म्हणून गावाचा पैसा चाललाय. दोन दिवसांत गावभर झालं. त्याच्या बायकोनं माझ्या बायकोशी बोलणं सोडलं.

महिन्याभरानं भूमी अभिलेखात दुसऱ्याच कामासाठी गेलो होतो, तिथं गावनकाशा बघितला. त्याच्या बागेशेजारून तुटक दुहेरी रेघ गेलेली, म्हणजे जुना गाडीरस्ता. ती बागेपाशी थांबत नव्हती. पुढं ओढ्यापर्यंत जात होती आणि तिच्यावर तीसेक जणांचे तुकडे होते. त्यातले कित्येक जण पावसाळ्यात भारे डोक्यावरून आणायचे, आणि रस्त्यासाठीचे त्यांचे अर्ज पंचायतीच्या फायलीत आधीपासून पडून होते. फायदा सदस्याला होणार होताच. रस्ता त्याच्यासाठी नव्हता. मी साप समजून भुई धोपटत बसलो होतो. पारावर जाऊन त्याच दहा जणांसमोर चुकलो म्हणालो. ते गावभर व्हायला मात्र दोन महिने लागले.

तेव्हापासून आरोप करण्याआधी मी दोन गोष्टी बघतो. हा माणूस नसता तरी ही मागणी आली असती का? आणि त्याच्यासारखाच फायदा आणखी किती जणांना आहे? पहिल्याचं उत्तर 'हो' आणि दुसऱ्याचं 'पुष्कळांना' असेल तर तोंड बंद.

पायरी 7: समोरच्या पानावर खर्च लिहा

फायद्याइतकाच 'भरतंय कोण' हाही सवाल. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांनी कृष्णेचं पाणी उचलून दुष्काळी पूर्वभागात नेलं, पण पाणी चढवायला वीज लागते. त्या बिलातला 81 टक्के वाटा सरकार भरतं, 19 टक्के लाभधारक शेतकरी. '81 टक्के' म्हणजे कोण, तर कर भरणारे सगळे, चंद्रपूरचा सायकलवालासुद्धा. हे योग्य की अयोग्य ते तुम्ही ठरवा. माझी बहीण त्याच दुष्काळी भागातल्या आटपाडीला दिलेली आहे, त्यामुळं माझं मत विचारू नका. पण "सरकारनं फुकट पाणी दिलं" आणि "आम्ही घाम गाळून पाणी आणलं" ही दोन्ही वाक्यं या एका आकड्यापुढं टिकत नाहीत.

पायरी 8: विचारायचं कसं

ग्रामसभेत उभं राहून "तुम्ही यात किती खाल्ले?" म्हटलं की सभा संपली. चार माणसं अंगावर येतात, मूळ प्रश्न राहतो बाजूला, आणि गोंधळाचा फायदा कुणाला ते तुम्हीच लिहा. कागद मागणारं, साधं, आदरानं विचारलेलं वाक्य जास्त लागतं. आमच्याकडं एकवीस वर्षांच्या एका पोरीनं असं विचारलं होतं:

"सरपंच काका, ठरावातला रस्ता कुणाकुणाच्या गटातून जातो, तेवढी नावं भाऊसाहेबांना वाचून दाखवायला सांगता का?"

"अगं, ती यादी मोठी आहे."

"चालंल की. बसलोय आम्ही."

ग्रामसेवकानं वाचायला सुरुवात केली. सातव्या नावाला सभेत कुजबुज झाली, नवव्याला सरपंचांनी घसा साफ केला. पोरगी खाली बसून नावं लिहून घेत होती. तिनं आरोप केलाच नाही.

शेवटचं, पण घाईत राहून जातं असं. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. गणपूर्तीला मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यात जे कमी असेल तेवढे लागतात. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब होते, आणि त्याच विषयांसाठी पुन्हा घेतलेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते. पहिल्या सभेला आपण शंभर जण जमत नाही, दुसरीला वीस जण ठराव करून मोकळे होतात. तेव्हा तहकुबीची नोटीस लागली की तारीख मोबाईलमध्ये टाका आणि वेळेआधी जा. पहिल्या सभेला गेलात तर आल्या आल्या हजेरीच्या वहीत सही करून घरी येऊ नका, गणपूर्तीत तुम्ही मोजले जाता आणि ठरावाला मात्र तिथं नसता. इतिवृत्त वाचून होईपर्यंत थांबा. शेवटच्या ठरावाखाली दोन-चार ओळी कोऱ्या सुटलेल्या दिसल्या, तर भाऊसाहेबांना आडवी रेघ मारायला सांगा.